ट्रंक नंबर नऊ, जुने पडदे

काळी ट्रंक. पांढरा ऑइलपेंट, बारीक ब्रश.

टोपी घातलेला बेडूक. पोस्टमन आहे. पिशवीत एकच पत्र.

जोरहाटच्या खिडक्या उंच. चंडीगडच्या रुंद.

मोठी झाल्यावर काय करणार? चित्रांची पुस्तकं. दुसरं काही नाही.

लीना सेक्टर १७ मधून आली ती चपला न काढताच सामानाच्या खोलीत शिरली. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका बाईंना तिने मिरजेला शाळेत असल्यापासून रंगवलेल्या बेडकाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. बाई म्हणाल्या, "वही कॉपी ले आइए, असली वाली. किताब पक्की." सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला कुणीतरी पक्की म्हणालं होतं.

आठ नंबरची ट्रंक होती. दहाची होती. जोरहाटहून आल्यापासून तिने त्या मोजल्याच नव्हत्या.

"सुरेश, नऊ कुठंय?"

नवरा बुटांना पॉलिश करत होता. "जुने पडदे ना? जोरहाट सोडताना देऊन टाकली, ट्रंकेसकट. एका क्वार्टरचे पडदे दुसऱ्याला कधी बसलेत?"

"उघडून तरी बघायचीस!"

"अगं, यादीत तूच लिहिलंस. ट्रंकेवर रंगवलंस पण तूच. एकदम छापल्यासारखं."

दारातून लेक कादंबरी हसली. "मम्मा, पर्दों के लिए इतना ड्रामा?"

लीनाला सांगता येईना. पहिल्या बदलीला यादीत 'माझ्या वह्या' लिहायची तिला लाज वाटली होती. साहेबांची बायको बेडूक घेऊन हिंडते, म्हणतील. पडद्यांबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून पडदे.

"कुणाला दिलीस?"

"सहा वर्षं झाली, यार. कोणीतरी ट्रंक मागत होता."

ती टेबलाशी बसली. पेन्सिल घेतली. बावीस वर्षं तिने ट्रंकांवर हुद्दा, नाव, कुठून, कुठे एवढंच रंगवलं होतं. बेडकाचं पोट शून्यासारखं आलं. पाय सरळ, ताठ. टोपी कुठल्या बाजूला कलायची ते आठवेना. तिने खोडून पुन्हा काढलं. पुन्हा शून्य.

बाईंचा मेसेज आला: "मॅम, कल?"

"नहीं है," तिने लिहिलं. मग 'थी' लिहावं का, यावर बराच वेळ अडून राहिली. लिहिलं नाही.

"लीना," आतून सुरेश म्हणाला, "सात नंबरच्या ट्रंकेवरचं नाव पुसट झालंय. हात मोकळा असला तर बघ जरा."

तिने ब्रश भिजत घातला.

बेडकाच्या शेवटच्या गोष्टीचं पहिलं पान तिने लग्नाच्या आदल्या आठवड्यात रंगवलं होतं. दुसरं राहिलं.