डोळे मिटून घेतलेली गाडी

गाडी विकायला काढलेल्या दंतवैद्याने बॉनेटवरून हात फिरवत "कंडिशन एक नंबर" म्हटलं, तेव्हा बाबांनी आपलाही तळवा तिथेच टेकवला आणि लेकीकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला ठाऊक होता. आता दंतवैद्याची शाळा घेतली जाणार होती.

"गरम लागतंय," बाबा म्हणाले.

"सकाळी दूध आणायला गेलो होतो."

"बरंच लांबचं पिता वाटतं."

हसावं की नाही ते दंतवैद्याला कळेना.

"फोनवर सांगितलं होतं ना, आम्ही येईपर्यंत चालू करू नका? थंड इंजिन खरं बोलतं. तापलं की ते तुमच्या बाजूने साक्ष द्यायला लागतं." बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "असो. आलोच आहोत तर ऐकून जाऊ."

बाप-लेकीची गाडी पारखायची रीत ठरलेली होती. बाबा बघायचे, ती ऐकायची. बाबांचं उभं आयुष्य बसडेपोत गेलं होतं, आणि त्या गोंगाटाने त्यांच्या कानातले सगळे बारीक आवाज कधीच पळवून नेले होते. हे त्यांनी कबूल केलं नाही आणि तिने विचारलं नाही. "तुझे कान तरुण आहेत, त्यांना कामाला लाव," एवढंच ते म्हणायचे. ती कोर्टातल्या साक्षींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. कुणाच्या खोकल्यात बुडालेला शब्द वर काढणं हीच तिची रोजची नोकरी. तर ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोळे मिटायची, कारण डोळे उघडे असले की रंग भुरळ घालतो असं बाबांचं म्हणणं होतं. आणि बाबा आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर, मग पाठीवर होत गाडीच्या पोटाखाली शिरायचे. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा कायदा.

"काय म्हणतेय?" खालून आवाज आला.

"पुढे कुणीतरी स्वेटर विणतंय," ती मोठ्याने म्हणाली. "सुया वाजताहेत."

"टॅपेट सैल झालेत. चालतील. अजून?"

"मागे कुणीतरी सर्दी झाल्यासारखं नाक ओढतंय."

"सायलेन्सरला भोक असेल. क्लच दाब, आणि हळूहळू सोड."

तिने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "आता दगडावर चमचा घासल्यासारखं."

गाडीखालचा टॉर्च विझला. मग बाबांचे बूट सरकले, पँट सरकली, शेवटी चेहरा बाहेर आला. "उतर. घरी जाऊ."

"म्हणजे नक्की झालंय काय?" दंतवैद्याने विचारलं.

"तुमच्या भाषेत सांगायचं तर दाढ गेलीय," शर्ट झटकत बाबा म्हणाले. "वरून चकचकीत आहे. मुळात काही राहिलं नाही."

परतीच्या वाटेवर ते खुशीत होते. गाडी नापास झाली की त्यांना जेवण गोड लागायचं. दोघांना ट्रॅक डेसाठी हवी होती ती छोटी, हलकी, दोन दारांची, टर्बो वगैरे लाड नसलेली गाडी, जिचे टायर आणि ब्रेक पॅड कुठल्याही दुकानात मिळतील. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीचा रस्ता एखाद्या दिवशी साध्या माणसांना मोकळा करून देतात, ज्याने त्याने आपली गाडी घेऊन यायचं आणि पाहिजे तेवढं पळवायचं. त्यासाठी गाडी अशी हवी की कुंपणाला आपटली तर रात्रीची झोप उडू नये, पण वळणावर तिच्यावर जीव टाकता यावा. स्वस्त आणि भरवशाची, या दोन गोष्टी एकाच गाडीत काही केल्या नांदत नव्हत्या. त्यांचे रविवार त्यातच जात होते.

घरी आल्यावर बाबांनी भांडी घासायच्या साबणात साखर मिसळून हात चोळले. ग्रीस असंच निघतं.

"पुढच्या रविवारी त्या फुलवाल्याची. दोन दारांची आहे. थंड ठेवायला बजावलंय. जरा लवकर ये."

"या वेळी तरी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीखाली शिरू नका."

"मग काय उघडा शिरू?"

ती हसली आणि किल्ल्या उचलून निघाली. दारात वळून बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. बाबा हात पुसत होते.

मंगळवारी शेजारणीचा फोन आला. बाबा ओट्याशी पडले होते. शेगडीवरचं पाणी आटून भांडं काळं ठिक्कर झालं होतं आणि त्या वासाने शेजारीण आली होती. त्रास झाला नसेल, असं डॉक्टर म्हणाले. 'नसेल' हा शब्द ती रोज टाइप करायची. साक्षीत त्याची काय किंमत असते हे तिला माहीत होतं.

माणसं आली, बसली, गेली. तिने दोन वर्षांत दुसऱ्यांदा त्याच घरातलं एक कपाट रिकामं केलं. आईचं कपाट रिकामं केलं होतं तेव्हा बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. तसे ते पुढे कितीतरी महिने पडून राहिले. दाढी वाढली. टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. जेव म्हटलं की जेवायचे, झोप म्हटलं की झोपायचे, आणि दोन्ही करताना सारखेच दिसायचे. एकदा ऑफिसातल्या कुणीतरी ट्रॅक डेची गोष्ट सांगितली, आणि त्या संध्याकाळी पलंगाच्या कडेवर बसून ती सहज म्हणाली, "बाबा, मला एक गाडी घ्यायचीय. जुनी. पळवायला. पण मला त्यातलं काही कळत नाही." भिंतीकडचं तोंड हळूच फिरलं. "इंजिन केवढं?" त्यांनी विचारलं. रविवारी ती आली तेव्हा बाबा अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

तेव्हापासून तिला नाद लागला होता. घरात तसं ठरलंच होतं.

शनिवारी बाबांच्या मोबाइलवर फुलवाल्याचा फोन आला. "उद्या येताय ना? साहेबांनी सांगितल्याप्रमाणे आज गाडी चालूच केली नाही. माल टेम्पोने आणला." त्याला कळवायचं राहून गेलं होतं. आत्ता सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "येते."

दुकानामागच्या गल्लीत गाडी उभी होती. फुलवाल्याने मागच्या सीटवरच्या बादल्या उतरवल्या. आत ओल्या पानांचा वास होता.

"साहेब नाही आले?"

"नाही."

ती बसली, डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि एका लयीत चालत राहिलं. तिने सुया शोधल्या, नव्हत्या. मागे कुणी नाक ओढत नव्हतं. क्लच दाबून सोडला, गिअर एकामागून एक टाकून पाहिले. इतके रविवार हिंडून असा स्वच्छ आवाज त्यांना मिळाला नव्हता. खालून कुणी विचारलं नाही, तरी ती मोठ्याने म्हणाली, "काही म्हणत नाहीये. झोपलेल्या बाळासारखा श्वास चाललाय."

"माझ्याशी बोललात?" फुलवाल्याने विचारलं.

"नाही."

तिने घासाघीस केली नाही, सांगितले तेवढे पैसे दिले. गाडीभोवती एक फेरीसुद्धा मारली नाही. तिचं काम झालं होतं, आणि गाडी पास झाली होती. आठवडाभरात पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं जरा हललं. घेऊन जायची, ट्रॅकवर उतरवायची, बाबा असते तर जिथे उभे राहिले असते तिथे कुंपणापाशी क्षणभर थांबायचं. एवढं एक तडीस न्यायचं. त्यानंतरचं काही तिला दिसत नव्हतं.

गाडी तिने थेट पानेकाकांच्या गॅरेजात नेली. काका बाबांचे डेपोतले जोडीदार. मागच्या खिशात कायम एक पाना, म्हणून सगळे पाना म्हणायचे, आणि खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच आठवत असावं. त्यांनी किंमत विचारली, आवाज ऐकला आणि भुवया उंचावल्या.

"अगं, घड्याळ आहे हे. कुणी दिली तुला इतक्या स्वस्तात?"

"फुलवाल्याने."

"बापाचं नाव काढलंस."

मग त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली आणि दिवा घेऊन खाली गेले.

"इकडे ये जरा."

गाडीचं सगळं पोट ताज्या काळ्या रंगाने सारवलं होतं. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराखालची पट्टी ठोकली. पत्र्याचा आवाज आलाच नाही, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखं झालं. मग त्यांनी टोक लावून दाबलं. फारसा जोर न लावताच स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्यांच्या टोपीवर लाल भुकटी पडली. पुढच्या चाकाच्या वर जिथे स्प्रिंग टेकते तिथेही तेच.

"गंज नुसता. रंगानेच धरून ठेवलंय सगळं," काका म्हणाले. "पहिल्या जोराच्या वळणाला चाक आत येईल. ट्रॅकच्या माणसांनी तपासणीतच हाकलली तर नशीब म्हणायचं. तू खाली वाकून बघितलं नाहीस?"

"खाली बाबा बघतात," ती म्हणाली, आणि वाक्य दुरुस्त केलं नाही.

काकांनी दिवा विझवला. टोपी काढून मांडीवर झटकली.

"त्याने नुसत्या रंगावरूनच पाठ फिरवली असती," ते पुटपुटले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाले, "जाऊ दे. इंजिन सोन्यासारखं आहे, ते काढून घेऊ. चांगला सांगाडा शोधू, त्यात बसवू. रविवारी मी येतो तुझ्याबरोबर. कंबर साथ देत नाही, पण वाकेन तुझ्यासाठी."

"नको काका."

"नको कसं? एवढा नाद तुझा. तुझा बाप मला येऊन सांगायचा, पोरीने वेड घेतलंय रे, आता माझी सुटका नाही. तो गेला म्हणून तू सोडून द्यायचं? त्याला आवडेल का ते?"

ती लिफ्टच्या खांबाला टेकून उभी राहिली. वर इंजिन थंड होत होतं. धातू आकसताना होणारी बारीक टिकटिक तिला स्पष्ट ऐकू येत होती. काकांना ती येत नसावी.

"मला गाड्या आवडत नाहीत, काका," ती म्हणाली. आवाज टाइप केलेल्या साक्षीसारखा सपाट आला. "कधीच आवडल्या नाहीत. एकदा भाड्याच्या गाडीने ट्रॅकवर गेले होते, त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन ओकले आणि चेहरा धुऊन बाबांकडे हसत आले. ते कुंपणाशी हात हलवत होते."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती थांबली नाही.

"दंतवैद्याची ती गाडी तशी बरी होती. क्लच बदलला असता तर चालली असती. ती नको म्हणाले तेव्हा मला आनंदच झाला. प्रत्येक वेळी व्हायचा. गाडी मिळूच नये असं वाटायचं मला. मिळाली असती तर रविवार संपले असते." तिने तोंडावरून हात फिरवला. "आई गेल्यावर बाबा उठत नव्हते. ते उठावेत, दाढी करावी, इस्त्रीचा शर्ट घालावा, म्हणून मी नाद लावून घेतला. त्यांना हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत भिंतीकडे तोंड केलं असतं त्यांनी. आता रविवारी ज्याला उठवायचं असं घरात कुणी नाही. मग मी तरी कशाला उठू, ते सांगा."