वजा भंडारा

आधी कामाचं सांगतो. माऊस धरून स्क्रीनभर फिरत बसू नका. नवं पान पाहिजे तर कंट्रोल दाबून टी. लांबलचक यादीत आपलं नाव शोधायचं तर कंट्रोल आणि एफ, नाव टाका, मोकळे व्हा. दोन हजार नावं डोळ्यांनी वाचणारा माणूस मेहनती नसतो, मूर्ख असतो. चुकून बंद झालेलं पान परत पाहिजे तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. नेमके शब्द हवे असतील तर ते अवतरण चिन्हांत टाका. आणि नको तो कचरा येत असेल तर त्या शब्दाच्या आधी वजाची आडवी रेघ मारा. तो शब्द असलेली सगळी पानं गायब.

हे मला कोणी शिकवलं नाही. तुमसरच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि मी, अंकुश तेजराम गजभिये. क्लास लावायला पैसे नव्हते, म्हणून चुकत चुकत शिकलो. आज क्लासवाले माझ्याकडे अडलेलं विचारायला येतात आणि 'सहज आलो होतो' म्हणतात. काय सहज! लाज वाटते म्हणा की सरळ.

गिऱ्हाईक कसं असतं ते ईश्वर गुरुजींवरून समजा. निवृत्त शिक्षक. शोधाच्या चौकटीत अर्ज लिहितात. 'महोदय, पेन्शनच्या परिपत्रकाची प्रत मिळावी ही नम्र विनंती.'

"गुरुजी, ते मशीन हाये, तहसीलदार नाही."

"तहसीलदारापेक्षा लवकर उत्तर देते ना? मंग त्याले मान द्याले तुहं काय जाते?"

दुपारी माझी माय, धुरपता, डबा घेऊन येते. डबा ठेवायच्या आधीच विचारते, "पायलं का आज?"

"पायलं."

"नाही ना?"

"नाही."

मग ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसते आणि पदरानं मान पुसते. सहा वर्षं झाली या बोलण्याला. आता २०१४ चालू आहे.

जिला शोधतो ती माझी मोठी बहीण, रीता. आम्ही तेव्हा करंजटोल्यात राहत होतो, तिरोडा तालुक्यात. १९९७ च्या फेब्रुवारीत ती मोहाडीच्या एका विणकराच्या मुलासोबत निघून गेली. चंदन हेडाऊ त्याचं नाव. आम्ही बौद्ध, ते कोष्टी. त्याच्या घरच्यांनी आमच्या दारात येऊन जे शब्द वापरले ते मी इथे लिहू शकतो, पण त्यांना अजून नातवंडं सांभाळायची आहेत. आणि आमचे काय कमी होते? बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावून त्याच भिंतीखाली माझा बाप म्हणाला, "आपल्यासाठी ते मेली." समाजातले चार शहाणे मान हलवत बसले होते. सगळे समतेवर तासभर बोलू शकणारे. पोरगी मनानं चालली की सगळ्यांची जात जागी होते, यात कोणी कोणापेक्षा वर नाही.

मी अठरा वर्षांचा होतो. बापानं मला तहसीलीत नेलं आणि रेशनकार्डातून तिचं नाव कमी करायचा अर्ज माझ्या हातानं लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. मी लिहिला. कोणी बंदूक लावली नव्हती.

वर्षभरात आम्ही गाव सोडलं, बाप तुमसरला राइस मिलमध्ये लागला. गावात नवा पत्ता कोणाला दिला नाही. त्यानंतर १९९९ ला जिल्हा फुटला. तिरोडा गोंदिया जिल्ह्यात गेला, तुमसर भंडाऱ्यातच राहिलं. तिनं पत्र टाकलं असेल तर ते कोणत्या दारात पडलं, देव जाणे. मी तर देवही मानत नाही.

बाप २०११ मध्ये गेला. शेवटपर्यंत तिचं नाव घेतलं नाही. मेल्यावर त्याच्या उशीखाली तिची दहावीची मार्कशीट निघाली. मला त्याचा राग येतो तो याच्यासाठी. आठवण येत होती तर बोलायचं होतं ना, हरामखोरा.

तर शोध. पहिल्या वर्षी नुसतं नाव टाकलं. नुसता कचरा. इथलेच निकाल, इथल्याच याद्या, इथल्याच बातम्या, जिकडेतिकडे भंडारा. करंजटोला टाकलं तर तेही या भागात पायलीचे पन्नास, बालाघाटपर्यंत. मग मी डोकं लावलं. अवतरणात रीता चंदन हेडाऊ, पुढे करंजटोला, पुढे गोंदिया, आणि शेवटी वजा भंडारा. स्वच्छ! ते एका बटनावर बांधून ठेवलं. रोज सकाळी झाडू मारायच्या आधी एक टिचकी. दोन सेकंदांत समजायचं की आज पण नाही. इतकं झटपट की वाईट वाटायलाही वेळ मिळत नव्हता.

त्या दिवशी भर दुपारी लाइट गेली आणि आली. उघडलेली पानं सगळी गेली. मी कंट्रोल, शिफ्ट, टी दाबलं. एकेक पान परत येऊ लागलं. माय स्टुलावरून पाहत होती.

"हे गेलेलं परत येऊन राहिलं का रे?"

"हो."

"कितीही जुनं?"

"नाही वो माय. ताजं असलं तरच."

परत आलेल्या पानांत सकाळचा शोधही होता. मायला वाचता येतं, चौथी झाली आहे. तिनं काचेवर बोट टेकवलं.

"गोंदियाच्या पुढं हे रेघ कायची?"

"ते वजा. भंडारा नको म्हणून."

"काहून नको?"

"भंडाऱ्याचा लय कचरा येते. करंजटोला आता गोंदियात हाये ना."

"आता हाये," माय म्हणाली. "ते गेली तवा गोंदिया जिल्हा कुठी होता? तिले कोणी सांगितलं का, बाई, तुहा जिल्हा बदलला म्हून? तिच्यासाठी तं भंडाराच हाये."

शेजारच्या कॉम्प्युटरवर ईश्वर गुरुजी होते. त्यांनी चष्मा वर केला. "अंकुश, तू लय घाईचा माणूस हायेस."

मी गोंदिया खोडलं. वजाची रेघ खोडली. नुसतं भंडारा ठेवलं. आणि एंटर दाबलं.

चौथ्या नंबरवर बऱ्हाणपूरच्या एका विणकर महिला संस्थेचं हिंदी पान होतं. प्रशिक्षिकांची यादी. मी कंट्रोल-एफ दाबायला विसरलो आणि मूर्खासारखा एकेक नाव डोळ्यांनी वाचत गेलो. अकरावं नाव: रीता चंदन हेडाऊ. मूळ निवास करंजटोला, जिला भंडारा, महाराष्ट्र. पान तीन वर्षांपूर्वीचं. तीन वर्षं ती तिथे आपल्या गावाचं नाव लिहून बसली होती, आणि रोज सकाळी मी तिला माझ्या हातानं बाजूला सारत होतो. पहिल्यांदा अर्ज लिहून. मग एका टिचकीत.

फोटो नव्हता. मायनं तरी नावावर हात ठेवला, पूर्ण तळवा.

खाली फोन नंबर होता. लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. नाही.

"माय, उद्याच्या गाडीनं जाऊ. नागपूर, तिथून भुसावळ, पुढं बऱ्हाणपूर."

"नाही."

"काहून नाही? सतरा वर्षं झाली!"

"दार आपुन लावलं होतं ना? मंग आपुनच धडकून कसं जाचं? पयले तिले इचार. ये म्हणाली तं मी चालत जाईन."

पानाच्या तळाशी निरोप पाठवायची चौकट होती. मी म्हटलं, सांग. गुरुजी उठून बाहेर जाऊन उभे राहिले. पहिल्यांदा मला तो माणूस आवडला.

"लिव. रीता, मी माय. माहे डोळे ठीक हायेत. गुडघे दुखते. अंकुशचं दुकान हाये. तुही हिरवी ओढणी मी फेकली नाही." ती थांबली. मी बाप गेला असं लिहिलं. "ते खोड. ते इथं लिवाचं नाही. ते बसून सांगाचं असते."

मी खोडलं. मग विचारलं, "तुले काही मागाचं हाये का तिले?"

"काय मागू? जेवली का, ते इचार."

तेही लिहिलं. त्याखाली मी माझं एक वाक्य टाकलं. तो अर्ज माझ्या अक्षरात होता, तुला माहीत नसेल तर माहीत असू दे. मायला वाचून दाखवलं नाही.

"आता पत्ता लिव."

मी तुमसरचा लिहायला लागलो.

"तो खाली लिव. वर लिव करंजटोलेवाली धुरपता. नाही तं तिले वाटंल कोण तुमसरवाली हाये म्हून."

"आणि जिल्हा? तुमसरचा भंडारा लिहतो. करंजटोल्याचा कोणता लिहू?"

"तिले जो माहीत हाये तो."

दहा वर्षं मी लोकांचे फॉर्म भरतो आहे. चुकीचा जिल्हा टाकणाऱ्याला मी दुकानातून हाकललेलं आहे. मी लिहिलं: मु. करंजटोला, ता. तिरोडा, जि. भंडारा. आणि पाठवलं. 'आपका संदेश प्राप्त हुआ' असं आलं. कोणाला प्राप्त झालं ते काही आलं नाही.

सवयीनं माझा हात पान बंद करायला गेला.

"राहू दे," माय म्हणाली.

"बंद केलं तरी परत उघडते, माय."

"राहू दे म्हटलं ना."

राहू दिलं. डबा तसाच होता. बाहेर चार गिऱ्हाईकं उभी, एकाची आज शेवटची तारीख. गुरुजी आत आले आणि माझ्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, "हा रिकामा होत असंल तं याच्यावर बसू काय?"

"नाही गुरुजी," मी म्हटलं. "तिकडं बसा. हा आज कोणाले देणार नाही."

माय स्टूल ओढून काचेच्या आणखी जवळ सरकली.