जेवताना किती वेळा

मुलं प्रश्नावलीत थापा मारतात, यावर माझा गाढ विश्वास आहे. कागदावर ही चौदा-पंधरा वर्षांची पोरं रोज पालेभाजी खातात आणि बिस्किटांकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून आमच्या पाहणीत आम्ही त्यांचं रक्तही घेतो. गाजर, भोपळा, पालक यांतलं कॅरोटिन रक्तात उतरतं, आणि रक्ताला थापा मारता येत नाहीत. कागद आणि रक्त किती जुळतं ते तपासायचं, आणि मग प्रश्नावली कामाची की रद्दीची ते ठरवायचं. प्रश्नावली मी स्वतः तयार केलेली, त्यामुळे रद्दी हा शब्द माझ्यासमोर सहसा कोणी काढत नाही.

एका मुलीचा मात्र उलटाच प्रकार निघाला. भाज्यांच्या प्रत्येक ओळीत तिने शून्य लिहिलं होतं, आणि तिच्या रक्तात कॅरोटिन सगळ्यांपेक्षा जास्त. आकडेमोड बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने, ज्याला आम्ही आकडेबहाद्दर म्हणतो, हात झटकले.

"रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार. काढून टाका हिला."

"माझ्या खोलीत नळ्या बदलत नाहीत," मी फटकारलं आणि मुलीला पुन्हा बोलावून घेतलं.

ती वडिलांबरोबर आली. वडील शिंपी होते. खिशाच्या कडेला टोचलेल्या सुया निघताना काढायच्या राहून गेल्या होत्या. मुलीला ते 'बटण' म्हणत. तिची आई गेल्यापासून घर आणि पुढचं दुकान दोन्ही आपणच बघतो, हे त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं. मी काही विचारलंही नव्हतं. बटणचे तळहात मी उलटून पाहिले. फार गाजरं खाणाऱ्यांचे होतात तसे ते पिवळट झाले होते, म्हणजे नळी तिचीच होती.

मी प्रश्न जसाच्या तसा वाचला. "जेवताना भाज्या आठवड्यातून किती वेळा खातेस?"

"एकदाही नाही."

वडिलांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बटण, अगं मी रोज सोलून देतो ना तुला? गाजर, काकडी... काल भोपळा उकडला होता. मी तुला काहीच देत नाही, असं वाटतं का तुला?"

आपण पोरीला नीट वाढवत नाही आहोत, ही एकच धास्ती घेऊन हा माणूस जगत असणार, आणि मी ती नेमकी त्याच्यापुढे वाचून दाखवली होती. मला त्याची फार दया आली आणि माझ्याच प्रश्नाचा राग आला.

"देतोस की," बटण गोंधळून म्हणाली. "पण ते खाणं झालं, बाबा. इथे जेवताना विचारलंय."

"मग?" मी म्हटलं.

"आम्ही जेवत नाही ना. मी दुकानात उभ्याउभ्या खाते, बाबा मशीनवर. टेबलावर कापडाचे तागे असतात. आई होती तेव्हा जेवायचो. ती हाक मारायची, मग बसायचो, मग ती वाढायची. कोणी वाढलंच नाही तर ते जेवण कसं?"

वडिलांनी खिशाची एक सुई काढली आणि परत तिथेच टोचली. "मला वाटायचं, पोटात गेलं म्हणजे झालं," ते हळूच म्हणाले.

मी उगाच नाक शिंकरलं. ते गेल्यावर प्रश्नावलीतला 'जेवताना' खोडून वर 'दिवसभरात' लिहिलं, आणि आकडेबहाद्दराला बजावलं की मुलगी राहणार, प्रश्न बदलणार.

संध्याकाळी मी खोली बंद करत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी बटण. माझ्या कागदावरचं एक उत्तर बदलायचंय."

"रक्त घेतल्यावर उत्तर बदलता येत नाही. नियम आहे."

"फक्त शून्याचं एक करायचंय."

पलीकडे भांडी वाजत होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तागे कुठे ठेवलेत?" मी विचारलं.

"पलंगावर. आता झोपायचं कुठे, ते दोघांनाही माहीत नाही," ती हसत म्हणाली.

तेवढ्यात मागून तिच्या वडिलांची हाक ऐकू आली. "बटण, फोन ठेव आणि बस बघू. वाढतोय मी."