डोळे नावाचं फोल्डर

आमगावात लीलाधरच्या फोटो स्टुडिओत मेलेल्या माणसांचे डोळे उघडून मिळत. तशी पाटी अर्थातच नव्हती, पण पार चिचगडकडून लोक विचारत विचारत यायचे. जिवंतपणी फोटो काढायचा राहून जातो, मग कुणीतरी शेवटच्या घटकेला मोबाइलवर एक काढून ठेवतं. आता मिटल्या डोळ्यांचा बाप तेरवीला भिंतीवर कसा टांगायचा?

लीलाधरच्या कॉम्प्युटरवर ‘डोळे’ नावाचं फोल्डर होतं. वीस वर्षांच्या पासपोर्ट फोटोंतून कापून घेतलेले डोळे त्यात होते, बाप्यांचे वेगळे, बायांचे वेगळे. एका हेडमास्तरांचे डोळे तर पाच मयतांना लागले होते, आणि हेडमास्तर अजून रोज दुकानासमोरून सायकलनं जात होते. लीलाधर त्यांना नमस्कार करी आणि नजर चुकवी.

रविवारी मात्र तो जिवंतांचा फोटोग्राफर असे. घरामागच्या वाडीत खार, मुंगूस, सरडा, जो दिसेल त्याचे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांना ऑइल पेंट नाहीतर वॉटर कलरचा इफेक्ट द्यायचा, हा त्याचा नाद. बायको सुशिला हसायची. “अजी, त्या सरड्याले पार नवरदेव करून टाकलं तुमी!” तिचा लाडका म्हणजे आंब्याच्या ढोलीतला पिंगळा, ते एवढंसं पिवळ्या डोळ्यांचं घुबड. यंदा नर विजेच्या तारेला लागून मेला होता आणि मादी एकटीच तीन पिल्लांना चारत होती.

फाल्गुनात सुशिला गेली. ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. दवाखान्यात लीलाधर औषध आणायला खाली गेला होता. वर आला तेव्हा नर्सनं तिचे डोळे मिटलेले होते. ते काम आपल्या हातून व्हायचं राहिलं, हे त्याला फार लागलं.

तेरवीच्या आदल्या दिवशी तो भिंतीवर लावायला फोटो शोधायला बसला. सुशिलाचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा वर झाला की ती डोळे मिटायची. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती झोपेतच हार घालत होती. तो चिडला की म्हणायची, “तो डबा पयले खाली ठेवा, मंग पायीन.”

त्यानं फोल्डरमधले सतरा जोड लावून पाहिले. प्रत्येक वेळी पडद्यावर दुसऱ्याचीच बायको. शेवटी वैतागून त्यानं वाडीतले फोटो उघडले, तर पिंगळ्याची मादी मान वाकडी करून रोखून बघत होती. चुलीपुढून सुशिला बघायची, अगदी तशी. लीलाधरनं पुढचा विचार केला नाही. ते डोळे कापले, पिवळ्याचा गडद तपकिरी केला, पापण्यांत बसवले आणि सांधा दिसू नये म्हणून सगळ्या फोटोवर ऑइल पेंट फिरवला. सुशिला त्याच्याकडे बघत होती. त्याला रडू आवरेना.

तेरवीला शेजारच्या सुमित्राबाई फोटोसमोर आल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. “अवो माय, हे तं पाहून रायली!” मुलगी आचल हुंदके देत म्हणाली, “बाबा, ही नजर आईचीच हाये.” लीलाधरचा जीव भांड्यात पडला.

पाहुणे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ताट घेऊन तो कुठंही बसला, तरी सुशिलाची नजर त्याच्यावरच असते. पहिले दोन दिवस त्याला बरंच वाटलं. मात्र दिवस कलू लागला की ती नजर त्याला सोडून मागच्या दाराकडे वळायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आचल वाडीतून आत आली. “बाबा, पिंगळा काऊन असा बसून रायते? चार दिवस झाले, जागचा हालला नाई. एक पिल्लू खाली पडून मेलं. बाकीच्यायले मी खिमा देऊन पायला, तोंडच उघडत नाईत.”

लीलाधरनं कॅमेरा लावून पाहिलं. मादी फांदीवर ताठ बसली होती. झोपेत नव्हती, पिल्लांनी आवाज केला की मान तिकडे वळवत होती. पण पापण्या शिवल्यासारख्या बंद. त्यानं आत येऊन जुने फोटो उघडले. एकोणीसच्या एकोणीस फोटोंत पिंगळ्याचे डोळे मिटलेले होते. ज्यातून त्यानं डोळे कापले होते, त्यातसुद्धा.

त्यानं कॉम्प्युटरवरचा सुशिलाचा फोटो पुसून टाकला आणि खिडकीतून पाहिलं. मादी तशीच होती. भिंतीवरची सुशिलाही तशीच बघत होती.

काय करायचं ते त्याला तेव्हाच कळलं होतं, पण मन धजेना. पाखरंच ती, दोन दिवसांत आवाज बंद होईल, असं म्हणून त्यानं मागचं दार लावलं आणि जेवायला बसला. पहिला घास हातात घेऊन वर पाहिलं. सुशिला बंद दाराकडे बघत होती आणि ऑइल पेंटचा रंग डोळ्यांखाली ओला झाला होता. दारापलीकडून पिल्लांची चिरचिर येत होती, आधीपेक्षा बारीक.

लीलाधर ताटावरून उठला. हात धुऊन त्यानं फोटो खाली उतरवला आणि मांडीवर घेतला. “जाय आता, सुशिला,” तो म्हणाला आणि दवाखान्यात राहून गेलेलं काम केलं. तळहात तिच्या कपाळावर ठेवून हलकेच खाली आणला. मध्ये काच होती, तरी तळव्याला पापण्यांचे केस लागले. हात काढला तेव्हा सुशिलाचे डोळे मिटलेले होते.

आचल दारात उभी होती. तिनं मागचं दार उघडलं.

बाहेर अजून उजेड होता. मादीनं डोळे उघडले होते. लीलाधरनं सवयीनं कॅमेरा गळ्यात घालून वर केला, तर तिनं डोळे मिटले. कॅमेरा खाली घेतला, तर उघडले. पुन्हा वर केला, पुन्हा मिटले. त्यानं कॅमेरा गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला.

पिंगळ्याचे डोळे पिवळे असतात. हे गडद तपकिरी होते. तिनं मान वाकडी करून त्याच्याकडे पोटभर पाहिलं आणि मग पिल्लांसाठी किडे शोधायला उडून गेली.