दौलत वकिलांचे टेबल आणि धम्मदिना

मित्रांनो, भिवंडीच्या कोर्टाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, बोळात, डोक्यावर पाण्याचा जार घेऊन उभे असलेले सागवानी टेबल तुम्हाला दिसेल. ते मीच. शेलार गावच्या बाळाराम सुताराने मला घडवले. दौलत वकिलांना नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती. त्यांनी मला खिडकीपाशी मांडले आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर झेंडूची फुले ठेवली.

पुढे त्यांच्याकडे खूप गर्दी होऊ लागली. जमिनीचे वाद, गोदामांचे भाडेकरार, यंत्रमाग कामगारांचे खटले, सगळे माझ्यासमोर येई. माणसे बोलता बोलता माझ्यावर कोपर टेकत, कधी डोळे पुसत. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

नारपोलीचे दामू असेच आले होते. त्यांची लूमवरची नोकरी गेली होती. त्यांच्याबरोबर त्यांची शाळकरी मुलगी धम्मदिना येई आणि कान देऊन ऐके. दामूंना नोकरी परत मिळाली, पण मुलीचे येणे थांबले नाही. तिला वकीलच व्हायचे होते.

बारावीनंतर तिने प्रवेश परीक्षा दिली. परराज्यातल्या एका नामांकित विधी विद्यापीठात तिला जागा मिळाली. ती वडिलांबरोबर पेढे घेऊन आली. दौलत वकिलांनी पेढा खाल्ला आणि ते गंभीर झाले.

"इतकी वर्षं तिकडे काढून परत आलीस, तर इथं तुला ओळखणार कोण? वकिली ओळखीवर चालते, पोरी. ठाण्याला शिक, दुपारी इथं येऊन बस. माझ्यानंतर हे टेबल तुझंच."

दामू भारावून म्हणाले, "सायेब बोलतात ते बरोबर हाय. पोरगी डोळ्यांसमोर राहील."

धम्मदिनाने मोबाईलवरचे प्रवेश मिळाल्याचे पत्र पुन्हा एकदा पाहिले. मग तिने मोबाईल माझ्यावर पालथा ठेवला. "बरं, काका," ती म्हणाली.

त्याच वर्षी वकिलांचा पुतण्या धनेश तशाच एका दूरच्या विद्यापीठात गेला. त्याला कुणी अडवले नाही.

धम्मदिना ठाण्याला शिकली, वकील झाली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसू लागली. काका म्हणाले होते ते अगदीच खोटे नव्हते. दिघाशी गावच्या पार्वतीबाईंच्या घराची वाट शेजाऱ्याने अडवली होती. त्या आल्या आणि थेट तिच्यापुढे बसल्या.

"तू दामूची पोर ना? मंग मी तुलाच सांगतं. मोठ्या सायबापुढं माझी जीभ उचलत न्हाय."

वाट मोकळी झाली. पार्वतीबाईंनी वालाच्या शेंगा माझ्यावर ओतल्या आणि धम्मदिनाच्या गालावरून हात फिरवला. काका कौतुकाने हसत होते. त्या दिवसासारखा दिवस मला पुन्हा दिसला नाही.

पावसाळा संपता संपता दौलत वकिलांना पक्षाघात झाला. त्यांची वाचा गेली. धनेश परत आला आणि त्यांच्या खुर्चीवर बसला. तो वाईट मुलगा नव्हता, हळू बोलायचा. पण अशिले म्हणू लागली, "आपल्या दौलतभाऊंचा पुतण्या, त्यात मोठ्या कॉलेजचा." हळूहळू सगळे कागद त्याच्या बाजूला सरकले.

एकदा तो म्हणाला, "धम्मदिना, काका तुला काय बोलले होते, मला माहीत नाही. घरच्यांना वाटतं, ऑफिस घरातच राहावं. तू बाजूला बसून काम कर ना."

"बाजूला म्हणजे कुठे?" तिने विचारले. खोलीत आणखी टेबल मावण्याजोगी जागा नव्हती.

मग ती मुंबईच्या एका मोठ्या वकिली फर्ममध्ये मुलाखत देऊन आली. खोलीत कुणी नव्हते. ती आईशी, शांताबाईंशी, फोनवर बोलत होती.

"आई, ते ठरावीक कॉलेजांतूनच मुलं घेतात. नाही गं, मी नाही सांगितलं त्यांना, की त्यातल्याच एका कॉलेजात मला जागा मिळाली होती. सांगून काय होणार?"

तिचे कपाळ माझ्यावर टेकले होते. लाकडाला कुठे पाठीवरून हात फिरवता येतो?

काही दिवसांनी दौलत वकिलांना खुर्चीत बसवून वर आणले. धनेश बसलेला होता, धम्मदिना दाराशी उभी होती. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. मग ते माझ्यावर हात आपटू लागले. तोंडातून नुसता आवाज येत होता.

"काका दमलेत, खाली न्या," घरचे कुणीतरी म्हणाले.

त्यांना काय म्हणायचे आहे, ते धम्मदिनाला कळले. ती पुढे आली, तिने त्यांचा हात हातात घेतला. "राहू द्या, काका," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. हायवेजवळच्या एका गोदाम कंपनीत ती आता करारांचे मसुदे तपासते. कोर्टात उभी राहत नाही.

धनेशने काचेचे नवे टेबल आणले आणि मी बोळात आलो. जारचे पाणी ठिबकून माझे लाकूड फुगले आहे. जाता-येता कुणी मला कोरड्या फडक्याने पुसले, तर बरे वाटेल.

पण मित्रांनो, त्याहून मोठे मागणे वेगळेच आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही शब्दाला वजन येईल. कुणी हुशार मूल दूर शिकायला निघाले, तर मायेपोटी त्याला अडवू नका. आणि अडवलेतच, तर त्याला कबूल केलेली जागा त्याचीच आहे, हे चारचौघांत सांगून ठेवा, तोंडातून शब्द फुटतो आहे तोवर.