फ्रीझरमधलं कर्ज

कागद कोरा झाला आणि सभागृहातली दोनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. क्षणापूर्वी त्या कागदावर एका बाईने मंतरलेल्या पेनाने आपलं कर्ज लिहिलं होतं. शून्यबाबाने त्यावर जाड फडक्यात धरलेला पितळी डबा दाबून फिरवला आणि अक्षर न् अक्षर गडप!

"कर्ज म्हणजे काय? शाई!" बाबा गरजला. "शाई गेली, कर्ज गेलं! आता तिकडे हप्ता भरायचा नाही. भरलात की कर्जाला वाटतं, या घरात आपलं अजून कोणीतरी आहे. मग ते परत येतं! तोच हप्ता दर महिन्याला इथे अर्पण करा, म्हणजे शून्य टिकेल."

लोक माना डोलवत होते. मी शेवटच्या रांगेत दातओठ खात उभी होते. आमची सगळी वस्ती कपडे शिवणारी. दुकानदाराने बोटभर कापड कमी दिलं तर आम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि इथे महिन्याचा हप्ता मुकाट बाबाच्या दानपेटीत टाकत होतो.

पुढच्या रांगेत माझी धाकटी बहीण होती. नवरा सोडून गेल्यावर तिने कर्जावर शिलाई मशीन घेतलं. त्या मशीनवर तिचं आणि तिच्या लेकीचं पोट. तीन महिन्यांपूर्वी बाबाने तिचा कागद कोरा केला, तेव्हापासून तिचे हप्ते बाबाकडे. आता कर्ज देणाऱ्यांची नोटीस आली होती: शनिवारपर्यंत थकबाकी भरा, नाहीतर मशीन उचलून नेऊ. ती नोटीस तिने बाबापुढे धरली.

"श्रद्धा कमी पडली, बाळ," बाबा म्हणाला. "आणखी एक हप्ता वाहा."

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "अगं, डोकंही गहाण टाकलंस का?"

"ताई, माझ्या डोळ्यांदेखत कोरा झाला गं. तूही बघितलंस ना?"

बघितलं होतं. तेच तर खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी एका कॉलरवर पेनाने खूण केली, शिवणाऱ्या बाईकडे दिली, परत आल्यावर इस्त्री फिरवली. खूण गेली. दिवसातून शंभरदा जाते. पण त्या दिवशी माझा हात इस्त्रीवरच थांबला. आमचं खुणेचं पेन! उष्णता लागली की त्याच्या शाईचा रंग उडतो. वस्तीतली प्रत्येक बाई ते वापरते, आणि एकीलाही सुचलं नाही, कारण आम्ही ते कापडावर चालवतो, कागदावर नाही. मलाही सुचलं नाही, स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. म्हणून बाबा 'मंतरलेल्या' पेनानेच लिहायला लावायचा. म्हणून डबा जाड फडक्यात धरायचा. दैवी तेज म्हणे! आत उकळतं पाणी होतं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. कडाक्याच्या थंडीच्या देशात पाठवलेल्या आमच्या शर्टांवर एकदा सगळ्या खुणा परत उमटल्या होत्या. त्यापायी मालकाने माझा पगार कापला होता. तो पगार आता मी बाबाकडून वसूल करणार होते.

शुक्रवारी सकाळी मी सोळा बायकांनी प्रसाद म्हणून घरी जपलेले कोरे कागद गोळा केले आणि आईस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये ठेवले. दुपारी ते घेऊन सभागृहात शिरले.

"बाबा, एक चमत्कार माझाही बघा," मी म्हणाले आणि बहिणीच्या हातात तिचा कागद दिला.

तिने मोठ्याने वाचलं. "शिलाई मशीन. साठ हजार. ताई, हे माझंच अक्षर!"

बाकीच्या पंधराजणींनी आपापले कागद उघडले. सभागृहात एकच कल्लोळ झाला.

"पापिणी!" बाबा ओरडला. "तुझ्या अश्रद्धेने कर्ज परत बोलावलंस!"

"ही आमच्याच खुणेच्या पेनाची शाई, गरम लागलं की उडते, गारठली की परत येते! घालवा ना पुन्हा. फक्त हा डबा उघड्या हाताने धरून."

बहिणीने पुढे होऊन फडकं ओढलं. डब्याला बोटं टेकताच शून्यबाबा मंत्रतंत्र विसरून "आई गं!" म्हणून किंचाळला. मला दया आली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मागच्या दारात बायका वाट अडवून उभ्या राहिल्या. बाबाचा सूर बदलला. "पैसे परत करतो, माऊल्यांनो! लिहून देतो!" आणि त्याने खिशातून पेन काढलं.

"ते नको!" अख्खं सभागृह ओरडलं.

मी माझं बॉलपेन दिलं. कुणाचे किती उकळले आणि कसे, सगळं त्याने लिहून सही केली. बहिणीने तोच गरम डबा त्या कागदावर दाबून शंभर आकडे मोजले. एक अक्षर हललं नाही. त्याला वाटलं, लिहून दिलं की सुटलो. पेटीतले पैसे आम्ही तिथेच वाटून घेतले आणि तो कागद पोलिसांच्या हातात ठेवला.

शनिवारी वसुलीवाला आला, तीन हप्ते घेऊन निघून गेला. मशीन जागेवर आहे.

बायांनो, बाप्यांनो, कर्ज फडक्यातल्या डब्याने जात नाही, फेडूनच जातं. झेपत नसेल तर कर्ज देणाऱ्याकडे वेळेत जा, मुदत मागा, घरचा खर्च वहीत मांडून बघा. लाज वाटेल, पण मशीन वाचेल. आणि कोणी चमत्कार दाखवायला आला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: "बाबा, आमचं पेन चालेल का?"