बाबांचा व्हॉल्व्ह

माझे वडील पंप दुरुस्त करतात. मीही पंप दुरुस्त करते, पण बाबांच्या मते ते दुरुस्त करतात आणि मी हात लावते. नऊ वर्षं झाली मला त्यांच्या दुकानात. या नऊ वर्षांत मी आवळलेला एकही नट असा नाही, ज्यावर बाबांनी मागून येऊन पुन्हा पाना फिरवला नाही. तेही गिऱ्हाइकासमोर! मी हात पुसत उभी, आणि हे खाली बसून, मान तिरपी करून, एकेका नटाची उलटतपासणी घेतायत. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

शेवटी मी गुपचूप एका मोठ्या पाणीपुरवठा कंपनीत अर्ज टाकला. तिथला एकेक पंप आमच्या दुकानाएवढा. नोकरी मिळाली, पत्रही आलं. शनिवारी दुपारी दोनपर्यंत हो की नाही ते फोन करून कळवायचं होतं. घरात कुणाला चकार शब्द बोलले नव्हते. आणि शनिवारी सकाळी मी कुठे? हृदयाच्या क्लिनिकमध्ये, बाबांचा शर्ट आणि चष्म्याची डबी मांडीवर घेऊन.

त्याचं असं झालं की मंगळवारी दुकानाच्या माळ्यावर चढताना बाबांना दम लागला. मधल्या पायरीवर बसूनच राहिले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "आवाज जरा निराळा वाटतोय. टूडी इको काढून घ्या." बाबा म्हणाले, मला काही धाड भरलेली नाही. मग आईने आवाज चढवला, तेव्हा कुठे तयार झाले.

मी मनाशी सरळ ठरवून टाकलं होतं. रिपोर्ट वाईट आला, तर नोकरी विसरायची. दुखणं घेऊन बसलेल्या माणसावर दुकान टाकून जाण्याइतकी मी काळजाची घट्ट नाही. रिपोर्ट चांगला आला, तर आजच बाबांना तोंडावर सांगायचं. यातल्या कशाची जास्त भीती वाटत होती, ते विचारू नका.

इको काढणाऱ्या ताई आमच्यापेक्षा शांत होत्या. अंधारी खोली, उंच खाट, खाटेशेजारी यंत्र. बाबांना डाव्या कुशीवर झोपवलं, डावा हात डोक्याखाली, छातीला तीन चिकटपट्ट्या आणि त्यातून निघालेल्या वायरी. मग त्यांनी छातीवर जेल ओतलं.

"अहो, गार आहे!" बाबा ओरडले.

"सगळ्यांनाच गार लागतं, काका. हलू नका."

एवढ्यात पडद्यावर हृदय उमटलं, आणि बाबांचं ओरडणं थांबलं. चार कप्पे, मधे फडफडणाऱ्या झडपा. बाबांनी मान वळवून बघायला सुरुवात केली. मीही पुढे सरकले. खोटं कशाला बोलू, जन्मभर पंप उघडलेत आम्ही, चालू असताना आतून बघायला कधी मिळतं?

"ताई, मिनिटाला किती फेरे?"

"बहात्तर."

"रात्रंदिवस?"

"रात्रंदिवस. आता बोलू नका काका, चित्र हलतं."

"बासष्ट वर्षं," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि एकदाही ऑइल नाही!" ताई हसल्या, चित्र हललं, पुन्हा पहिल्यापासून.

मग त्यांनी आवाज चालू केला. शूऽप, शूऽप, शूऽप. पडद्यावर लाल आणि निळे रंग उसळायला लागले. इथे बाबांचा चेहरा बदलला. झडप मिटली की तिच्या मागे निळ्या रंगाची बारीकशी फुंकर उठत होती. प्रत्येक ठोक्याला.

"ते निळं माघारी गेलं ना?"

"श्वास सोडा आणि धरून ठेवा."

"धरला. माघारी गेलं ना पण?"

"डॉक्टर सांगतील, काका."

झालं. आमच्या धंद्यात मेकॅनिक गिऱ्हाइकाला "बघून सांगतो" म्हणाला, की मोटर जळालेली असते. हे मला माहीत आणि बाबांना तर माझ्याआधी माहीत. पंपावर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. त्यातून थेंबभर जरी माघारी आलं, तरी आम्ही म्हणतो व्हॉल्व्ह पास झाला, आणि तो काढून नवा बसवतो. त्यात चर्चा नाही.

बाबा छाती पुसून बाहेर आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह गेला."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"तूही बघितलंस. गेला की नाही?"

बघितलं तर मीही होतं. तरी म्हटलं, "माणसाचं वेगळं असतं."

"पाणी काय, रक्त काय. माघारी जाणार ते जाणारच." त्यांनी समोरच्या रॅकमधून आहाराचं एक माहितीपत्रक उचललं, माझ्याकडून पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. मृत्युपत्र असेल म्हणून मी वाकून बघितलं, तर पंपांची यादी! लाँड्रीवाल्याचा पंप गुणगुणतो, बेअरिंग बघणे. पोहण्याच्या तलावाचा माणूस नेहमी खोटं बोलतो, आपण स्वतः झाकण उघडून बघणे. हॉटेलच्या तळघरातल्या मोटरीला ओल लागते, मंगळवारच्या आत जाणे. असे सतरा पंप, एकेकाच्या खोड्यांसकट. अक्षर मात्र कधी नव्हे ते सुवाच्य.

"हे सगळं आता तुझ्याकडे," ते म्हणाले आणि पेनला टोपण लावलं. मग पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "आणखी एक. तू आवळलेला नट मला कधी सैल सापडला नाही."

"काय?"

"नऊ वर्षांत. एकही नाही."

मला वाटलं कान वाजतायत. "मग रोज पाना घेऊन कशाला फिरता हो माझ्यामागे?" मी इतकी मोठ्याने बोलले की काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"एक तरी सापडावा म्हणून," बाबा म्हणाले. "सापडला असता तर म्हणता आलं असतं, अजून शिकायची आहे पोरगी. इतक्यात कुठे जायची नाही."

बघा हा माणूस! नऊ वर्षं माझं रक्त आटवलं, आणि चांगला शब्द काढला तो व्हॉल्व्ह गेल्यावर. मला त्यांना बदडावंसंही वाटत होतं आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही करण्याआधी आतून हाक आली.

डॉक्टरीण बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाल्या, "काका, हृदय छान आहे तुमचं."

"आणि गळती?"

"कसली गळती?"

"निळी. मी डोळ्यांनी बघितली."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अच्छा, ती होय! इतकी जराशी गळती बहुतेक चांगल्या हृदयांत असते. माझ्याही असेल. तिला काही करायचं नसतं. आणि तुमच्या डॉक्टरांनी ऐकला तसा आवाजही पुष्कळदा नुसताच येतो."

मी उठायलाच लागले. बाबा मात्र ऐकायला तयार नाहीत. पुढे सरकून बसले. "आमच्याकडे पास झाला की बदलतात."

"तुमच्याकडे आधी पंप बंद करता येतो, काका."

यावर बाबांनी चक्क मान डोलावली! असा मान दुसऱ्या कुणालाही मिळालेला मी बघितलेला नाही. बाईंनी विचारलं, "दम रोज लागतो?"

"नाही. मंगळवारी लागला. एकदाच."

"त्या दिवशी काही झालं होतं का? ताण, भांडण, वाईट बातमी?"

"छे," बाबा म्हणाले आणि छताकडे बघायला लागले. रोज चालायला जा, वजन थोडं उतरवा, सहा महिन्यांनी दाखवून जा, असं सांगून बाईंनी आम्हाला मोकळं केलं.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. एक वाजून गेला होता. बाबा माहितीपत्रकाची घडी खिशात कोंबत म्हणाले, "मघाशी जे बोललो, ते आजारी माणसाचं बोलणं होतं. धरायचं नाही."

"बाबा, मंगळवारी काय झालं?"

"काय होणार?"

"बाबा."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. वाचवायला कुणीच नव्हतं. "कंपनीतून फोन आला होता दुकानात," ते म्हणाले. "तुझ्या कामाची चौकशी करत होते. घेतलं तर तू शनिवारी दोनच्या आत कळवायचं, म्हणाले. तू सामान आणायला गेली होतीस."

"मग? काय सांगितलंत?"

"खोटं बोलता आलं असतं. म्हणणार होतो, नवखी आहे, हात कच्चा आहे. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या." बाबांनी नाक पुसलं. "मग सांगितलं, माझ्यापेक्षा चांगली आहे. घ्या. फोन ठेवला, माळ्यावर निघालो, तर पाय चालेनात."

चार दिवस हा माणूस सगळं जाणून गप्प होता, आणि मी याच्यापासून पत्र लपवत होते!

"मी जावं असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तरी जा. दोन वाजायच्या आत फोन करायचाय ना? कर. आणि मंगळवारपर्यंत रुजू होता येणार नाही म्हणून सांग, हॉटेलची मोटर आहे."

मी तिथेच उभं राहून फोन लावला. बाबा माझ्या कोपराला धरून उभे होते. पलीकडून विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, येते, बुधवारपासून येते. फोन ठेवला, आणि काय झालं कुणास ठाऊक, दोघांनाही रडू फुटलं. भर दुपारी, भर फुटपाथवर, एकमेकांना धरून हमसून हमसून. येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते, मग वर हृदयाच्या दवाखान्याची पाटी बघत होते, आणि हळहळत पुढे जात होते.